दशरथ घोलपचा खांदा आणि माझी ड्यूटी

दिल्लीची पोस्टिंग आली तेव्हा मी नायब सुभेदार होतो आणि नोकरीला बावीस वर्षं झाली होती. सैन्याची मेडिकल शाखा, ट्रेड ऑपरेशन रूम असिस्टंट. सोप्या भाषेत सांगायचं तर थिएटरात डॉक्टरच्या शेजारी उभं राहायचं आणि त्यांनी मागायच्या आधी वस्तू त्यांच्या हातात ठेवायची. आता रिटायर होऊन नोएडात राहतो. इथल्या मराठी लोकांत ओळख झाली की हमखास प्रश्न येतो, "काका, बॉर्डरवर कुठे होतात?" मी म्हणतो, "ऑपरेशन थिएटरात." समोरच्याचा चेहरा पडतो. माझी मुलगी इथेच वाढलेली. ती म्हणते, "पप्पा, यार, काहीतरी ॲक्शनवालं सांगत जा ना लोकांना." आता नसेल ॲक्शन तर कुठून आणू? जे झालं ते सांगतो.

आमचं हॉस्पिटल एनसीआरमध्येच, म्हणजे दिल्लीच्या आसपासच होतं. नाव लिहीत नाही. पहाटे साडेपाचला रिपोर्ट, सहाला थिएटर उघडायचं. ऑक्सिजन बघायचा, सक्शन चालवून बघायचं, इमर्जन्सी ट्रेमधली औषधं तपासून सही करायची. सव्वासातला मेजर बिंदू मॅडम यायच्या. त्या भूल देणाऱ्या डॉक्टर, केरळच्या. उंची जेमतेम पाच फूट, पण आवाज असा की सर्जन कर्नलसुद्धा हात आवरून उभे राहायचे. मराठी त्यांना दोनच शब्द यायचे, "चला" आणि "बास". दोन्ही माझ्याकडूनच शिकल्या आणि दोन्ही माझ्यावरच चालवायच्या.

कॉलरबोन म्हणजे गळ्याखाली आडवं असतं ते हाड. हे आमचं नेहमीचं गिऱ्हाईक. डिस्पॅच रायडर मोटारसायकलवरून घसरला, घोडेस्वार पडला, पॅराशूटवाला वाकडा उतरला, की ते हाड गेलंच म्हणून समजा. मी भरती झालो तेव्हा इलाज ठरलेला होता. पाठीवर इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी पट्टी करकचून बांधायची, एक इंजेक्शन ठोकायचं आणि म्हणायचं, "जवान है, सह लेगा." त्या इंजेक्शनानं दुखणं कमी व्हायचं हे खरं, पण माणूस गुंगायचा, ओकायचा, काहीबाही बरळायचा. एका हवालदारानं गुंगीत कमांडिंग ऑफिसरला बायकोच्या नावानं हाक मारली होती. ते असो.

मॅडम आल्या आणि त्यांनी नर्व्ह ब्लॉक सुरू केला. हाड दुखतंय ही खबर नसांमधून मेंदूकडे जाते. अल्ट्रासाउंडच्या पडद्यावर बघत बघत सुई त्या नसेजवळ न्यायची आणि औषध सोडायचं. खबर तिथेच थांबते. माणूस टक्क जागा असतो, बोलतो, चहा पितो, पण हाड दुखत नाही. यात दोन प्रकार. मोठा ब्लॉक मानेतल्या जाड नसांच्या जुडग्याला देतात. त्यानं आख्खा हात ओल्या टॉवेलसारखा लोंबतो, आणि त्या बाजूचा श्वासाचा पडदाही काही तास झोपतो. छोट्या ब्लॉकमध्ये मानेच्या कडेला कातडीखाली एक सुई आणि हाडाच्या अंगावर दोन सुया. दुखणं जातं, हात मात्र हलतो. मी मॅडमच्या शेजारी उभा राहून असे कितीतरी ब्लॉक बघितले. प्रोबला जेल लावणं, औषध हळूहळू ढकलणं, हे माझं काम होतं. मला त्याचा गर्व होता, खोटं कशाला बोलू.

जानेवारी होता. धुकं असं की थिएटरच्या खिडकीतून समोरचं कडुलिंबाचं झाड दिसत नव्हतं. सकाळी सात चाळीसला इमर्जन्सीचा फोन आला.

"साब, व्हेईकल ॲक्सिडेंट. गाझियाबाद के आगे, हायवे पे. तीन कॅज्युअल्टी."

"कंडिशन?"

"एक ब्रॉट डेड. दो सीरियस नहीं."

"थिएटर रेडी है. ओके."

आपल्या मुलखातल्या एका पलटणीचा ट्रक होता. धुक्यात उसानं भरलेली ट्रॅक्टर-ट्रॉली उलट्या बाजूनं आली. ड्रायव्हरनं वाचवायला स्टिअरिंग फिरवलं, ट्रक डिव्हायडरवर चढून आडवा झाला. ड्रायव्हरचा पाय मोडला होता. त्याच्या शेजारी बसलेला लान्स नायक इरफान मुलाणी जागच्या जागी गेला. मागे बसलेला सिपाही दशरथ घोलप बाहेर फेकला गेला. त्याचा उजवा कॉलरबोन मोडला आणि डाव्या बाजूच्या तीन बरगड्यांना तडे गेले. डोक्याचा सीटी स्कॅन नॉर्मल. एक्स-रे बघून सर्जन म्हणाले, हाड फारसं सरकलेलं नाही, हात झोळीत ठेवला तर सहा आठवड्यांत आपोआप जुळेल, ऑपरेशनची गरज नाही.

दशरथ चोवीस वर्षांचा, माणदेशातला. स्ट्रेचरवर माझी नेमप्लेट वाचून पहिलं वाक्य बोलला ते मराठीत. "साहेब, इरफान कुठाय?" मी म्हणालो, "आधी तू नीट पडून राहा." असल्या उत्तराचा अर्थ जवानाला कळतो. त्यानं परत विचारलं नाही.

इरफान त्याचा बडी होता. सिव्हिलियन लोकांना सांगतो, बडी म्हणजे नुसता मित्र नव्हे. पलटणीत जवानांच्या जोड्या लावलेल्या असतात. पेट्रोलला दोघं बरोबर, पोस्टवर दोघं बरोबर, एकाला ताप आला तर दुसऱ्यानं सांगायचं. एक सापडत नसेल तर दुसऱ्याला जाब द्यावा लागतो. ही दोघं चार वर्षं जोडीनं होती, त्यातली दीड वर्षं बर्फात.

दुपारी वॉर्डात दशरथला गुंगीचं इंजेक्शन दिलं. तो दोनदा ओकला. बरगड्या मोडलेल्या माणसानं ओकणं म्हणजे काय हाल, ते ज्याचं त्यालाच ठाऊक. चारच्या सुमाराला त्याचा फोन वाजला. त्याला हात उचलवेना म्हणून फोन मीच त्याच्या कानाला धरला. इरफानची आई होती. खानापूर तालुक्यातल्या गावात तिला सरपंचांनी बातमी सांगितली होती. आवाज एवढा मोठा येत होता की मला सगळं ऐकू आलं.

"दशरथ, तू हाईस न्हवं त्याच्यापाशी?"

"हाय चाची."

"त्याला एकट्याला धाडू नगंस बाबा. तिथं आपलं कोण न्हाई."

"न्हाई धाडत. मी उभा ऱ्हातो."

फोन ठेवल्यावर दशरथनं माझ्याकडे बघितलं. "साहेब, उद्या पालमला मला न्या."

पालमच्या विमानतळावर दुसऱ्या दिवशी दुपारी अडीचला इरफानला पुष्पचक्र वाहायचं होतं. साडेतीनला विमान त्याला पुण्याला नेणार, पुढे रस्त्यानं गाव. पलटण दूर होती. पलटणीचे एक कॅप्टन साहेब आणि चार जवान तेवढे येऊ शकत होते. नात्यातलं, गावचं कोणीच नव्हतं. दशरथनं चाचीला शब्द दिला होता आणि आता तो शब्द त्याच्या मानेवर बसला होता. मी त्याला म्हणालो, "अरे बाबा, तू उठून बसू शकत नाहीस, उभा काय राहतोस?" तो म्हणाला, "दुखायचं थांबवा. पण झोपवू नका. झोपलो तर मी तिथं नसल्यासारखाच."

मी मॅडमकडे गेलो. वाटलं होतं, उडवून लावतील. त्यांनी फाइल वाचली, दोन्ही एक्स-रे प्रकाशात धरले.

मग म्हणाल्या, "बडा ब्लॉक नहीं दे सकती. बाईं तरफ़ पसलियाँ टूटी हैं. दाईं तरफ़ का परदा भी सो गया तो साँस कैसे लेगा?"

"छोटा, मॅडम?"

"छोटा दे सकती हूँ. पर छोटे में हाथ हिलेगा." त्यांनी चष्मा काढला. "साब, सच बताइए. सैल्यूट मारेगा ये?"

हा प्रश्न डॉक्टर विचारत नव्हती, मेजर विचारत होती. बडीच्या पेटीसमोर बिगुल वाजल्यावर कुठल्या जवानाचा हात खाली राहतो? मला उत्तर माहीत होतं. पण वॉर्डातलं ते पोरगं डोळ्यांसमोर होतं. मी म्हणालो, "नहीं मारेगा, मॅडम. मैं साथ जाऊँगा."

त्यांनी मला नीट समजावलं. हाड मोडलेल्या माणसानं हात उचलला तर दुखून तो आपोआप थांबतो. ब्लॉक दिलेला माणूस थांबणार नाही. हाडाचं टोक सरकेल, कातडीत घुसेल, खाली मोठी रक्तवाहिनी आहे. "दर्द संतरी होता है, साब. संतरी को मैं हटा रही हूँ. उसकी जगह आप खड़े रहेंगे. हाथ ऊपर नहीं जाएगा. समझ गए?"

"समझ गया, मॅडम."

कमांडंट साहेबांची परवानगी मॅडमनीच आणली. चार तास, ॲम्ब्युलन्सनं जाणं-येणं, बरोबर मेडिकल एस्कॉर्ट म्हणजे मी.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेअकराला ब्लॉक दिला. दशरथला पलंगावर टेकून बसवलं, मान डावीकडे वळवली. कातडी साफ केली, प्रोब ठेवला. पडद्यावर मानेचा स्नायू दिसला, त्याच्या मागच्या कडेला पहिली सुई. मग हाडाच्या आतल्या बाजूला एक आणि बाहेरच्या बाजूला एक. औषध मी ढकलत होतो, मॅडम सांगत होत्या, "धीरे. धीरे. बास." वीस मिनिटांनी बर्फाचा खडा हाडावरून फिरवला.

"ठंडा लगता है?"

"नहीं मॅडम."

"मुट्ठी बंद करो."

त्यानं मूठ वळली. पकड चांगली होती. मग त्यानं एक लांब श्वास घेतला आणि काल सकाळपासून पहिल्यांदा त्याच्या कपाळावरची शीर खाली बसली. त्याला उभा केला. उभा राहिला. मला म्हणाला, "साहेब, जादू हाय ही." मॅडमनी विचारलं, काय म्हणतोय. मी सांगितलं. "जादू नहीं है," त्या म्हणाल्या, "रात तक उतर जाएगा. तब गाली देगा." आणि त्याच्याकडे बोट दाखवून, "सैल्यूट नहीं. क्या?"

"सैल्यूट नहीं, मॅडम."

वर्दी चढवायला पंचवीस मिनिटं लागली. आधी दुखरा हात बाहीत, मग बाकीचं अंग. त्यावर झोळी. आणि झोळीवरून छातीभोवती एक रुंद क्रेप बँडेज, म्हणजे हात छातीलाच बांधलेला राहावा. ही मॅडमची ऑर्डर होती आणि बँडेज मी स्वतः बांधलं.

आम्ही दोन वाजता पालमला पोचलो. धुकं विरलं होतं, ऊन पिवळट होतं. ॲम्ब्युलन्समधून उतरल्यावर मी सवयीनं त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. बेरेट टोपी ठीक, बूट ठीक. पण छातीवर ते मातकट बँडेज आडवंतिडवं. त्याची नेमप्लेट झाकलेली, रिबन झाकलेली, आणि जॅकेटला बोचक्यासारख्या सुरकुत्या. समोर ब्रिगेडियर साहेब येणार. तिरंग्यात गुंडाळलेली पेटी समोर. आणि त्यापुढे हा असा उभा राहणार?

आता वाचणारा म्हणेल, या माणसाला अक्कल होती की नाही? होती हो. पण बावीस वर्षं रोज सकाळी टर्नआउट तपासणाऱ्या माणसाची अक्कल आधी वर्दीकडे जाते. दशरथही खाली बघून म्हणाला, "साहेब, बांधलेल्या कैद्यागत दिसतंय." मी विचार केला, झोळी आहेच, मी शेजारी आहेच. बँडेज सोडलं, गुंडाळी करून खिशात घातली. जॅकेट ओढून सरळ केलं. नेमप्लेट दिसली. घोलप.

मी त्याच्या उजव्या हाताला उभा राहिलो. माझ्या डाव्या हातानं त्याचं कोपर झोळीसकट धरलं. मनात पक्कं ठरवलं होतं की मी सॅल्यूट करणार नाही. माझी ड्यूटी वेगळी होती.

अडीचला पेटी आणली. सहा जवानांनी खांद्यावरून उतरवून ठेवली. पेटीपुढे फ्रेममध्ये फोटो होता. इरफान गोल चेहऱ्याचा, फोटोत हसू दाबून धरलेलं. दशरथ हळूच म्हणाला, "आयडी कार्डाचा फोटो लावलाय. त्यात तो कायम असाच." मी म्हणालो, "सरळ बघ." ब्रिगेडियर साहेबांनी चक्र वाहिलं. कॅप्टन साहेबांनी पलटणीचं वाहिलं. गार्ड कमांडरचा आवाज आला, "सलामी शस्त्र!" मग "शोक शस्त्र!" बंदुकांची तोंडं खाली गेली. बिगुलवाल्यानं लास्ट पोस्ट, म्हणजे शेवटच्या निरोपाची धून सुरू केली.

पुढचं मी तुम्हाला जसं झालं तसं सांगतो. माझा उजवा हात वर गेला. मी नेला नाही, गेला. आणि सॅल्यूट करताना डावा हात मोकळा नसतो, तो पँटच्या शिवणीला ताणून लावायचा असतो. भरतीच्या पहिल्या महिन्यात उस्तादानं काठी मारून शिकवलेलं. माझा डावा हात दशरथचं कोपर सोडून शिवणीला जाऊन चिकटला. जित्याची खोड म्हणतात ती ही.

किती सेकंद गेले कोण जाणे. डोळ्यांच्या कोपऱ्यातून मला झोळी रिकामी दिसली. दशरथचा उजवा हात बेरेटला लागलेला होता. बोटं जुळलेली, कोपर खांद्याच्या रेषेत, पंजा एकदम सरळ. बिगुल चालू होता. बिगुल चालू असताना कोणी हलत नाही. मीही हललो नाही. मी सॅल्यूट धरून उभा राहिलो आणि तोही उभा राहिला. शेवटचा सूर संपला, हात खाली आले, आणि त्याचा हात खाली येताना मला एक बारीक आवाज ऐकू आला. सुपारी फुटल्यासारखा.

"दशरथ?"

"काय न्हाई साहेब. दुखत न्हाई."

तेच तर होतं ना! मी त्याचा हात झोळीत घातला, खिशातलं बँडेज काढून तिथेच बांधलं, नेमप्लेटसकट. पेटी विमानाच्या पोटात जाईपर्यंत तो हलला नाही. मग त्याला ॲम्ब्युलन्समध्ये बसवला, जॅकेटची चेन उघडली. कॉलरबोनवरची कातडी तंबूसारखी वर आली होती आणि टोकाला पांढरी पडली होती. मी मॅडमना फोन लावला.

"मॅडम, रिटर्निंग. हड्डी हिल गई है. स्किन टाइट है, सफ़ेद."

"हाथ में नब्ज़?"

"है. उँगलियाँ गरम हैं."

"साँस?"

"ठीक."

"कैसे हुआ?"

"सैल्यूट, मॅडम."

मग, "कितनी देर?"

"चालीस मिनट. धौला कुआँ पे जाम है."

"थिएटर खोल रही हूँ."

कातडी फाटायच्या आत ऑपरेशन झालं. सहाला टेबलवर घेतला, साडेसातला बाहेर. टायटॅनियमची प्लेट आणि आठ स्क्रू. जे हाड झोळीत आपोआप जुळणार होतं त्यासाठी माझ्यामुळे चीर द्यावी लागली. त्या ऑपरेशनला मीच मॅडमच्या शेजारी उभा होतो. मागायच्या आधी वस्तू देत होतो. शेवटी ग्लोव्ह्ज काढताना म्हणाल्या, "संतरी पोस्ट छोड़ दे तो क्या होता है, साब?"

"कोर्ट मार्शल, मॅडम."

"कल लिखित में दीजिए. क्यों हुआ." आणि दारापाशी जाऊन वळल्या. "मैंने आपसे पूछा था. आपने कहा, नहीं मारेगा."

तोंडात मारल्यासारखं झालं. चुकलो होतो, दोनदा चुकलो होतो. एकदा वर्दी नीट दिसावी म्हणून आणि एकदा हात आवरला नाही म्हणून. त्याआधी एकदा खोटं बोललो होतो, ते धरलं तर तीनदा. माझ्या नोकरीत माझ्या हातून पेशंटला इजा झाली ती ही एकच. मला त्याची लाज वाटली आणि आजही वाटते.

ऑपरेशनच्या वेळी परत दिलेल्या ब्लॉकचा असर तिसऱ्या दिवशी सकाळी पूर्ण उतरला. मी साडेअकराला वॉर्डात गेलो तेव्हा दशरथचा चेहरा राखेसारखा झाला होता, दात आवळलेले. मी म्हणालो, "माफ कर रे. माझी ड्यूटी होती." तो म्हणाला, "साहेब, तुम्ही धरला असता तरी मी हिसकावला असता." हे त्यानं मला बरं वाटावं म्हणून म्हटलं की खरंच, ते मला आजवर कळलेलं नाही. दोन दिवसांत त्याच्या डोळ्यांत मी पाणी बघितलं नव्हतं. इरफानचं नाव निघालं की तो फक्त माहिती द्यायचा. बूट नंबर आठ, ब्लड ग्रुप बी पॉझिटिव्ह, अंडी खात नाही.

मी नर्सिंग ऑफिसर मॅडमना इंजेक्शन सांगायला निघालो, तेवढ्यात त्याचा फोन वाजला. परत मीच कानाला धरला. चाची. सकाळी नऊला इरफान गावी पोचला होता आणि दहाला दफन झालं होतं. मी मनात म्हटलं, आता ही बाई काय बोलणार आणि हा काय ऐकणार.

"दशरथ, का रं, हात कशाला काढलास झोळीतनं?"

दशरथनं डोळे मिटून घेतले.

"गावात पोरांनी व्हिडिओ दावला मला. तुझा हात मोडलाय म्हणं आन् तू वर क्येलास? आकल हाय का तुला?"

"चाची..."

"चाची चाची करू नगं. आज एक पोरगं मातीत ठिवून आलेय मी. दुसरं लंगडंलुळं करून घ्यायचंय का मला? दवाखान्यात कोण हाय तुझ्याजवळ?"

"साहेब हायेत."

"त्यास्नी दे."

मी म्हणालो, "बोला ताई."

"साहेब, ते मुलखाचं हट्टी हाय. इरफानचं बी ऐकायचं न्हाई. हात बांधून ठिवा त्याचा. आन् सकाळचं काय खाल्लंय का त्यानं?"

खाल्लं नव्हतं. मी म्हणालो, "खायला घालतो." ती म्हणाली, "घाला," आणि मग एवढा वेळ धरलेला तिचा आवाज फुटला आणि फोन बंद झाला.

दशरथ रडला. चोवीस वर्षांचा गडी, मोडलेल्या बरगड्यांचा, प्लेट बसवलेल्या खांद्याचा, हुंदका आला की कळवळत होता आणि तरी थांबत नव्हता. वॉर्डात वीस पलंग. सगळ्यांनी माना वळवून बघितलं. समोरच्या पलंगावरचा हरियाणाचा सुभेदार म्हणाला, "ब्लॉक उतर गया बेचारे का." सगळ्यांना ते पटलं. नर्सिंग ऑफिसर मॅडम इंजेक्शन भरून आल्या. "पेन बहुत है?" दशरथनं मान हलवली, "हाँ मॅडम, कंधा."

मी म्हणालो, "मॅडम, दस मिनट रुकिए."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्या समजल्या असाव्यात, कारण ट्रे ठेवून दुसऱ्या पलंगाकडे गेल्या. मी पडदा ओढला आणि त्याचा डावा हात धरून बसलो. दहा मिनिटांनी इंजेक्शन दिलं. बारा वाजता त्यानं अर्धी वाटी दलिया खाल्ला, तोंड वाकडं करून.

दशरथचं हाड जुळायला अकरा आठवडे लागले. त्याची मेडिकल कॅटेगरी, म्हणजे फिटनेसचा दर्जा, काही काळ खाली आली, मग परत वर गेली. आज तो नायक आहे. ईदला आणि दिवाळीला, दोन्ही वेळा आधी खानापूर तालुक्यात जातो आणि मग स्वतःच्या घरी. मॅडम आता कर्नल आहेत. माझ्यावर पुढे त्यांनी एवढंच केलं की एस्कॉर्ट ड्यूटीला माझं नाव कधी लावलं नाही. बरोबरच केलं.

लान्स नायक इरफान मुलाणी. बूट नंबर आठ, बी पॉझिटिव्ह, अंडी खायचा नाही. मी त्याला जिवंत कधी पाहिलं नाही. मॅडमना दिलेल्या लेखी जबाबात मी लिहिलं होतं, "क्षणभर ध्यान विचलित हुआ." ते खोटं होतं. माझं ध्यान एक क्षणही दुसरीकडे नव्हतं, सगळं त्या पेटीवर होतं.